आईबापांशिवाय कोण बघतं? मी बघते!

मेडफर्डकर

परवा कॅटलिन क्लार्क या बास्केटबॉल स्टारवरच्या धाग्यावर खडूसकाका जाता जाता पिंक टाकून गेले: "डिव्हिजन थ्रीच्या मुलींचं बास्केटबॉल म्हणजे शाळेचं स्नेहसंमेलन. आईबापांशिवाय तिथे कोण जातं?" (डिव्हिजन थ्री म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची तिसरी पातळी, बहुतेक छोटी कॉलेजं.) वर त्याला ढीगभर हसरे चेहरे. तिथेच उत्तर देणार होते, पण लांबण लागली, म्हणून हा वेगळा धागा.

काका, मी जाते. माझी मुलगी संघात नाही, भाची नाही, शेजाऱ्यांचीही नाही. मला एक मुलगा आहे आणि तो फोनशिवाय काहीही हातात धरत नाही. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाचं कझिन्स जिम घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिकीट नाही, एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली. आता जानेवारी-फेब्रुवारीत शुक्रवार-शनिवारी कुणाला जेवायला बोलवायचं म्हटलं तरी मी आधी वेळापत्रक बघते.

टफ्ट्सची कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांची लीग, नेस्कॅक. तिच्यात अकरा कॉलेजं. साखळीत प्रत्येकीशी एकदाच गाठ, म्हणजे दहा सामने. बोडनशी हरलात तर परतफेडीला कॉन्फरन्स टूर्नामेंटची वाट बघा, तिथेही समोर आले तर. अख्खी लीग एका माणसाच्या डोक्यात मावते. पहिल्या वर्षी स्क्रीनमध्ये (वाट अडवायला मुद्दाम उभ्या राहिलेल्या विरोधी खेळाडूत) अडकून धडपडणारी मुलगी चौथ्या वर्षी तीच स्क्रीन आधी ओळखून मागच्यांना ओरडून सांगताना दिसते. डिव्हिजन वनमध्ये ट्रान्सफर पोर्टलच्या (विद्यापीठ बदलायच्या सोयीच्या) कृपेने ती तोवर तिसऱ्या विद्यापीठात पोचलेली असते. इथे तिसऱ्या रांगेत बसलं की सगळं ऐकू येतं. मागच्या मोसमात पाहुण्या संघाची एक राखीव पॉइंट गार्ड होती, दोन बोटं एकत्र टेप केलेली. ती बाकावर बसून टफ्ट्सचा प्रत्येक प्ले सुरू व्हायच्या आत त्याचं नाव मोठ्याने सांगायची. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टफ्ट्सच्या मुलींनी वैतागून खुणाच बदलल्या. टीव्हीवर हे दिसतं का?

आणि दर्जाचं म्हणाल तर २०१६ ते २०१९ सलग चार वर्षं डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय फायनलमध्ये नेस्कॅकचा संघ होता. २०१७ ला ॲमहर्स्ट-टफ्ट्स, २०१८ ला ॲमहर्स्ट-बोडन, म्हणजे घरातल्या घरात. ॲमहर्स्ट दोन्ही मोसमांत ३३-०. टफ्ट्सच्या कोच कार्ला बेरुबे यांना २०१९ मध्ये प्रिन्स्टनने उचललं. स्नेहसंमेलन बसवणाऱ्या बाईंना कुणी असं बोलावत नाही.

खडूसकाका

आमच्या एका वाक्याला एवढा निबंध? धन्य झालो.

ताई, त्या २०१७ च्या फायनलचा स्कोअर तेवढा लिहायला विसरलात. मी लिहितो: ५२-२९. चाळीस मिनिटांत एकोणतीस! राष्ट्रीय फायनलमध्ये!

आणि मुली खेळतात म्हणून मी हिणवतो असा सूर लावू नका. २०२४ ची डिव्हिजन वनची साउथ कॅरोलायना-आयोवा फायनल १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली. पुरुषांची त्याच वर्षीची १ कोटी ४८ लाखांनी. लोकांना मुलींचं बास्केटबॉल बघायला अडचण नाही. वाईट बास्केटबॉल बघायला आहे.

मेडफर्डकर

त्या एकोणतीसची जखम माझीच आहे, त्यावर मीठ तुम्ही चोळायची गरज नव्हती. पण समोरच्याला एकोणतीसवर रोखणं हेही बास्केटबॉलच असतं. ॲमहर्स्टच्या मुली त्या दिवशी पायांनी बचाव करत होत्या, हातांनी नाही. ज्याला फक्त अर्ध्या कोर्टावरून मारलेले थ्री (तीन गुणांचे शॉट) बघायचे आहेत त्याने फोनवर क्लिपा बघाव्यात.

जाता जाता: १८९३ मध्ये स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा पहिला सामना भरवला तेव्हा पुरुषांना आत सोडलं नव्हतं. त्यांना काकांचा अंदाज आधीच आला असणार.

एडिसनची_आई

मी त्या बदनाम आईबापांपैकी एक. लेक दुसऱ्या एका कॉन्फरन्समध्ये खेळते, नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणीतरी तिकडे पोचवेल.

काकांचं अर्धं खरं आहे. प्रेक्षक म्हणजे आम्हीच. सामना संपल्यावर लॉबीत टेबल लावून दोन्ही संघांना खाऊ घालणाऱ्याही आम्हीच. माझे बटाटेवडे आता विरोधी संघाच्या मुलीसुद्धा नावानिशी मागतात. पण दुसरं कुणी बघत नाही याला कारण तुमचा दर्जा-बिर्जा नाही, बघूच देत नाहीत हे आहे. आमच्या कॉन्फरन्सने स्ट्रीमिंगचे हक्क एका कंपनीला विकले. पूर्वी फुकट दिसायचं, आता महिन्याचे पैसे भरा आणि बघा काय, तर एकच कॅमेरा, तोही बाल्कनीच्या खांबाआड. डावीकडची बास्केट दिसतच नाही. माझी आई सांगलीत पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन बसते, नातीची मॅच बघायला. तिने सांगितलेला निकाल आणि खरा निकाल यांचा काही संबंध नसतो, कारण अर्ध्या बास्केटा तिला फक्त टाळ्यांवरून कळतात.

सांख्यिक

न्यू इंग्लंडवाल्यांना नेस्कॅकपलीकडे जग नाही हे पुन्हा सिद्ध झालं. २०२४ आणि २०२५, दोन्ही वेळा डिव्हिजन थ्रीचे विजेते एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी), दोन्ही वेळा ३१-०. ते युएए या दुसऱ्याच कॉन्फरन्समध्ये आहेत. २०२३ ला केंटकीचं ट्रान्सिल्व्हेनिया (हसू नका, खरंच आहे), ३३-०. २०२२ ला मिशिगनचं होप. आणि वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने १९९८ ते २००१ सलग चार विजेतेपदं आणि ८१ सामने ओळीने जिंकले, ते सेंट लुइसमध्ये.

खडूसकाका, "आईबापांशिवाय कोण" असं होपच्या डेव्हॉस फील्डहाउसमध्ये कॅल्विनच्या सामन्याला जाऊन विचारा. बाहेर बर्फ, आत अख्खं हॉलंड गाव. त्यात आईबाप शोधावे लागतात.

बाकी खरी बोंब वेगळीच आहे, ती म्हणजे ५०० मैलांचा नियम. ५०० मैलांपलीकडे जायचं तर संघाला विमानाने न्यावं लागतं. ते तिकीट वाचवायला एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) जवळजवळचे संघ एका गटात कोंबते. त्यामुळे देशातले पहिल्या दहातले दोन संघ दुसऱ्याच फेरीत भिडतात आणि भलतीकडे एखादा सामान्य संघ आरामात पुढे सरकतो. ६४ संघांच्या ब्रॅकेटला राष्ट्रीय स्पर्धा म्हणायचं आणि जोड्या लावायच्या बसच्या अंतरावरून! आता निवडीला एनपीआय (संघांचं गणिती मानांकन) आणलंय, पण जोड्या लागताना नकाशा तोच.

तिरकमान

सगळे शहाणे खऱ्या विषयाच्या भोवती फिरताहेत. मी बोलतो. हे सगळं ॲडमिशनसाठी आहे.

विल्यम्स, ॲमहर्स्टसारख्या ठिकाणी सुमारे एक तृतीयांश मुलं कुठल्या ना कुठल्या वर्सिटी संघात (कॉलेजच्या अधिकृत संघात) असतात. कोचच्या यादीत नाव आलं की फाइल वेगळ्या नजरेने वाचली जाते. आपल्या लोकांना हे कळल्यापासून जो तो पोरीला चौथीपासून क्लबात घालतोय. त्याला खेळाचं प्रेम म्हणू नका. ते मागचं दार आहे.

एडिसनची_आई

मागचं दार? डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते, एक डॉलरची नाही. वर्षाचा खर्च ८० हजारांच्या वर. माझी लेक हिवाळ्यात पहाटे सहाला वेट रूममध्ये असते, परतीच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून ऑरगॅनिक केमिस्ट्री करते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी एकही मिनिट खेळली नाही, तरी प्रत्येक प्रॅक्टिसला कुबड्या घेऊन हजर. हे मागचं दार असेल तर पुढच्या दाराने आलेल्यांनी काय दिवे लावले ते सांगा.

तिरकमान

भावनिक होऊ नका. स्कॉलरशिप नसते हे मलाही माहीत आहे, मी प्रवेशाबद्दल बोललो. माझ्या मित्राच्या मुलाचे मार्क तिच्यापेक्षा जास्त असतील, ऑलिम्पियाड केलेलं, त्याला वेटलिस्ट. का? तर त्याला लेअप मारता येत नाही.

एडिसनची_आई

"तिच्यापेक्षा जास्त असतील"? माझ्या मुलीचे मार्क तुम्हाला कुणी सांगितले हो?

नागपुरी_तर्री

पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण आता राहवत नाही.

तिरकमान भाऊ, आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण देतात, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. तेव्हा तर मोठ्या अभिमानाने सांगता, "खेळातही चमकली." अमेरिकेत तेच झालं की मागचं दार?

आणि तुम्हा सगळ्यांची भांडणं ऐकून हसू येऊन राहिलंय. स्ट्रीमिंगला खांब आडवा येतो म्हणे! मी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ खेळली आहे. सिमेंटचं कोर्ट, रेषा सकाळी चुन्याने मारायच्या, दुपारपर्यंत अर्ध्या बुटांना लागून गेलेल्या. पंच विचारायचे, "बाहेर गेला का?" आम्ही म्हणायचो, "कुठल्या रेषेच्या?" जाताना दोन बर्थवर पाच जणी, डीए (दैनिक भत्ता) हातात पडला परीक्षेनंतर. बघायला कोण? चौकीदार, आणि समोरच्या होस्टेलची चार टवाळ पोरं, ती बास्केटबॉल बघायला आली नव्हती. आईबाप यायचे असते तर आम्ही त्यांना खांद्यावर घेतलं असतं. घरी तर मी लायब्ररीत आहे असं सांगून खेळायची.

पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. या धाग्यावरच्या किती जणांनी तिचा एक तरी सामना बघितला? मेडफर्डकर ताई, तुम्हीसुद्धा सांगा. बोडनच्या राखीव गार्डची बोटं माहीत आहेत तुम्हाला.

मेडफर्डकर

नाही बघितला. पण हा न्याय लावायचा तर वानखेडेवर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी खो-खोचा हिशेब विचारावा लागेल. मी चालत जाऊ शकते ते बघते. तुमच्या कोर्टासमोर राहत असते तर तिथे बसले असते, आणि टवाळ पोरांना हाकललंही असतं.

(ती मुलगी बोडनची नव्हती.)

तिरकमान

तर्रीताई, वाढीव गुणांचं उदाहरण तुमच्याच अंगलट येतंय. खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं विसरलात? आणि इथे अमेरिकेत २०१९ मध्ये उघड झालेल्या कॉलेज प्रवेश घोटाळ्यात काय झालं? वॉटरपोलो कधी न खेळलेली पोरं खेळाडू म्हणून दाखवून आत घुसवली होती. जिथे सवलत तिथे दलाल.

सांख्यिक

ते घोटाळे प्रामुख्याने डिव्हिजन वनचे. शिवाय बोगस पोरगी कोर्टावर उतरवून बघा. बाराजणींच्या संघात दोन मिनिटांत उघडी पडते.

आणि काकांच्या दर्जाच्या मुद्द्याला इतिहासाची एक बाजू आहे, ती कुणी मांडली नाही. मोठी विद्यापीठं मुलींच्या खेळावर पैसा टाकायला लागली ती टायटल नाइन (शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणारा १९७२ चा कायदा) आल्यानंतर. त्याआधी आणि त्या सुमारास हा खेळ जगवला तो छोट्या कॉलेजांनी. टेक्ससच्या वेलँड बाप्टिस्टच्या मुलींनी पन्नाशीच्या दशकात ओळीने १३१ सामने जिंकले. १९७२, ७३, ७४ या तिन्ही वर्षी राष्ट्रीय विजेतं होतं पेनसिल्व्हेनियातलं इमॅक्युलाटा, नन्स चालवत असलेलं चिमुकलं कॉलेज. एनसीएएला मुलींची स्पर्धा भरवायला १९८२ उजाडलं. आज ज्या १ कोटी ८९ लाखांचा दाखला काका देतात, त्यांच्यासाठी जमीन नांगरली ती या "स्नेहसंमेलनवाल्यांनी".

खडूसकाका

ठीक आहे, ठीक आहे. इमॅक्युलाटाच्या नन्सपुढे मी नतमस्तक. पन्नास वर्षांपूर्वी हा खेळ दर्जेदार होता, हे मान्य.

मेडफर्डकर

किती ते औदार्य! काका, तुम्ही इथे शेजारी मॉल्डनलाच राहता ना? पुढचा घरचा सामना शुक्रवारी सातला आहे. या, मग बोला.

खडूसकाका

शुक्रवारी सेल्टिक्सची एनबीए मॅच आहे.

...वडे असतात का टफ्ट्सलाही?

मेडफर्डकर

वड्यांवर तोडपाणी करणार नाही. आणि तिरकमान, एडिसनची आई, ॲडमिशनसाठी कृपया वेगळा धागा काढा. मूळ विषय गेला बाराच्या भावात.

तिरकमान

मूळ विषय हाच आहे हे मी पहिल्यापासून सांगतोय. प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही, पैसा नाही, तरी आईबाप दर शनिवारी तीन-तीन तास गाडी हाणतात. कशासाठी? उत्तर सगळ्यांना माहीत आहे, लिहायची हिंमत माझ्याकडे आहे.

एडिसनची_आई

हिंमत बघून भारावले. मग गेल्या मंगळवारी मला व्यनि करून "कोचला पहिली ईमेल कुठल्या इयत्तेत पाठवायची आणि क्लिप किती मिनिटांची हवी" हे विचारणारे तिरकमान दुसरे कुणी होते का?

नागपुरी_तर्री

अगगगग!

तिरकमान

खाजगी निरोप चव्हाट्यावर आणणं ही कुठली रीत? मी व्यवस्थेवर टीका करतोय. व्यवस्था बदलेपर्यंत माझ्या मुलीने काय घरी बसायचं?

आणि तुम्ही त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.