मदत हवी आहे : गाण्याचा व्हिडिओ आणि अल्बमचे मुखपृष्ठ एकमेकांशी कसे जोडावे?

नमस्कार,

आम्ही सोलापुरात जनसंवाद शिकणारे विद्यार्थी आहोत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही स्वतः रचलेल्या गाण्यांचा छोटा अल्बम तयार केला असून त्यातील एका गाण्याच्या व्हिडिओचे संकलन होत आले आहे. मुखपृष्ठ मात्र अजून ठरलेले नाही. व्हिडिओ आणि मुखपृष्ठ एकाच अल्बमचे आहेत हे पाहणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे, अशी प्रकल्पाची अट आहे आणि ती आम्हाला मनापासून पटलेली आहे.

गाणे रात्रपाळीला जाणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीचे आहे. चित्रीकरण अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, तिथल्याच ट्यूबलाइटच्या उजेडात केले. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे कॅमेऱ्याचे शटर १/५० सेकंद ठेवले, म्हणजे चित्रात पट्टे उमटत नाहीत. त्या उजेडातली हिरवट छटा आम्ही मुद्दाम राखली आहे; संपूर्ण व्हिडिओत उबदार रंग एकच, तो म्हणजे सुताचा लाल. मागाच्या वर जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेल्या यंत्रणेच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते आणि कोणते उभे धागे उचलले जाणार हे प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी त्या भोकांवरून ठरते. पुठ्ठा पुढे सरकतो त्या ठोक्यावरच आम्ही दृश्य बदलले आहे, त्यामुळे गाण्याची लय आणि मागाची लय एकच झाली आहे. हा भाग आम्हाला सर्वांत चांगला जमला आहे असे वाटते.

मुखपृष्ठासाठी पहिली सूचना आली ती गायिकेच्या चेहऱ्याचे व्हिडिओतलेच एखादे दृश्य घेण्याची. त्यात ओळख ताबडतोब पटते हे मान्य. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे की, व्हिडिओतला एक क्षण थांबवून चौकटीत बसवल्याने मुखपृष्ठ तयार होत नाही, ती फक्त व्हिडिओची जाहिरात होते. अल्बममध्ये इतरही गाणी आहेत आणि त्यांनाही त्या चित्रात जागा हवी.

म्हणून आम्ही दुसऱ्या दिशेने विचार केला. आमच्या घरातली सोलापुरी चादर उलटून पाहिली, तर सुलट बाजूला मोतिया जमिनीवर लाल फूल आहे आणि उलट बाजूला लाल जमिनीवर तेच फूल मोतिया आहे. व्हिडिओत चादरीची सुलट बाजूच सर्वत्र दिसते. मुखपृष्ठावर त्याच फुलाची उलट बाजू घ्यावी, म्हणजे व्हिडिओत जी मुलगी बोलते तिच्या घराची न दिसलेली बाजू अल्बम हातात घेणाऱ्याला दिसेल, अशी आमची कल्पना आहे. अडचण अशी की, बाजू उलटली की रंगांचे प्रमाणही उलटते. व्हिडिओ हिरवट आणि काळपट, त्यात लाल अगदी थोडा. मुखपृष्ठ मात्र जवळजवळ सगळे लाल. मग दोघांना बांधून ठेवायला केवळ फुलाची नक्षी उरते. ती पुरेशी आहे का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्यातच नक्षीचीही एक तांत्रिक अडचण आहे. घट्ट विणीचे कापड दुरून टिपले की कॅमेऱ्यात त्यावर पाण्याच्या लाटांसारख्या खोट्या रेषा दिसतात. व्हिडिओत आम्ही ती दृश्ये जवळून घेऊन हा दोष टाळला. मुखपृष्ठ ३००० × ३००० पिक्सेलचे असले, तरी मोबाइलच्या यादीत ते नखाएवढे होते आणि तिथे वीण एक तर नाहीशी होते किंवा त्याच लाटा पुन्हा दिसू लागतात. यावर उपाय म्हणून कापडाचे छायाचित्र न वापरता नक्षीकाराच्या चौकटीच्या कागदावरचे रेखाटन वापरावे असे मला वाटते. त्या कागदावर धाग्यांची उचल चौकोनाचौकोनांनी दाखवलेली असते. फुलाची एकच पाकळी मोठी करून घेतली तर ती लहान आकारातही ओळखू येईल. मग हेच चौकोन व्हिडिओच्या सुरुवातीच्या अक्षरांतही आणता येतील.

सीडीचे वेष्टन छापायचेही आहे. पडद्यावरचा भडक लाल सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईत मंद होतो, म्हणून व्हिडिओतलाच लाल थोडा खाली आणावा का, असाही विचार चालू आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे : रंग उलटलेले असताना नक्षीवरून नाते लक्षात येईल का, की मुखपृष्ठाच्या कडेला ट्यूबलाइटची ती हिरवट छटा थोडीशी ठेवावी? छायाचित्राऐवजी रेखाटन वापरल्यास व्हिडिओतल्या खऱ्या कापडापासून ते तुटल्यासारखे वाटेल का? आणि लाल रंग जुळवायचा झाल्यास आधी छपाईचा नमुना काढून त्याप्रमाणे व्हिडिओचा रंग बदलणे योग्य, की उलट क्रमाने? मुखपृष्ठाचे दोन्ही कच्चे आराखडे आणि व्हिडिओतली काही स्थिरचित्रे मी खाली प्रतिसादात जोडत आहे.