संमती होती, पण कोणाची?
‘व्याज दोघांच्या संमतीने ठरतं, कायद्याने त्यात पडू नये’ हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. तो प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. १८५५ मध्ये इंग्रज सरकारने व्याजदरावरची मर्यादा उठवली. पुढे कापसाची तेजी ओसरली, शेतसाऱ्याचा बोजा वाढला आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. अक्षरओळख नसलेल्या माणसाने उठवलेल्या अंगठ्याला संमती कसं म्हणायचं?

१८७९ च्या दख्खन कृषक कायद्याने न्यायालयाला कर्जखतामागचा मूळ हिशेब उकरून पाहायचा अधिकार दिला. दामदुपटीचा नियम, म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको, तर आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना. अर्थात सावकारांनीही पळवाट काढली: जमिनीच्या गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून घ्यायला लागले, म्हणजे कागदावर कर्ज दिसायलाच नको.