झाडावर चढताना गाठीऐवजी यांत्रिक साधन वापरावे का?

प्रश्न : दुपदरी दोरावर (फांदीवरून टाकून दोन्ही पदर खाली आलेल्या) मी प्रुसिकची गाठ वापरतो, म्हणजे दोराभोवती गुंडाळलेली, भार आला की पकडणारी आणि भार हलका केला की सरकणारी गाठ. आता तिच्याऐवजी झिगझॅगसारखे, दोर पकडणारे धातूचे यांत्रिक साधन घेण्याचा विचार आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १ : गाठ भाराखाली आवळून बसते आणि सोडवताना हात दमवते, तर साधनाच्या साखळीसारख्या कड्या वरचा दांडा हलका दाबताच सैल होतात. मात्र उत्पादकाने ठरवलेल्या जाडीचाच दोर वापरावा आणि नवा, गुळगुळीत दोर आधी जमिनीलगत लोंबकळून पारखावा.

उत्तर २ : एकपदरी दोरावर (वर पक्का बांधलेल्या एकाच पदरावर) चढणार असाल, तर संपूर्ण भार एकट्या गाठीवर आल्याने ती उतरताना घट्ट आवळते व तापते. रोप रेंच हे छोटे धातूचे जोडसाधन गाठीच्या वरच दोराला बाक देऊन घर्षणाचा बराच वाटा उचलते. गाठ तरीही लागतेच.

उत्तर ३ : करवत चालवताना स्वतःला झाडाशी जोडणारा दुसरा आधार (वेगळा दोर किंवा पट्टा) बांधलेला असावाच, साधन कितीही चांगले असले तरी कापलेला दोर ते धरणार नाही.