मालकीच्या डोंगरपडीत रात्री शिकारीसाठी घुसणाऱ्यांना कसे आवरावे?

प्रश्न (पाटण तालुका)
कोयनेच्या खोऱ्यात आमची सुमारे सहा एकर डोंगरउताराची जमीन आहे. बहुतेक भाग गवताचाच असून ते कापून विकणे आणि उरलेले जनावरांना घालणे एवढेच तिचे उत्पन्न. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो, गावी वडील एकटे आहेत. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी सात-आठ जण कुत्री, बॅटऱ्या आणि वाघर (शिकारीचे जाळे) घेऊन सशांच्या व रानडुकरांच्या मागे आमच्या पडीत शिरतात. सकाळी पाहावे तर गडगा ढासळलेला, कुंपणाची तार कापलेली आणि बांधावर बाटल्यांच्या काचा. वडिलांनी हटकले तेव्हा, "तुमच्या बापाच्या वेळेपासून आम्ही इथं शिकार करतोय, तुम्ही कोण विचारणार?" असे त्यांना ऐकावे लागले. सत्तरीच्या माणसाला ते तुटलेल्या तारेपेक्षा अधिक लागले आहे. त्यांतील दोघे भावकीतले असल्याने वडील तक्रारीला तयार नाहीत. काय करावे?

उत्तर १ (सातारा, वनखात्यात नोकरी केलेला)
आपण हा प्रश्न हद्दीचा समजत आहात, परंतु तो आधी शिकारीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार जमिनीच्या मालकाने होकार दिला तरी विनापरवाना शिकार गुन्हाच ठरते. त्यामुळे आजोबांच्या काळी काय चालत होते, याला कायद्यात अर्थ नाही. शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. जाळ्यात पकडणे, हाकून जनावर उठवणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्याच व्याख्येत येते, म्हणून त्यांच्या हाती ससा सापडलाच पाहिजे असे नाही. वनरक्षकाला तोंडी सांगून थांबू नका. परिक्षेत्र वनअधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, सातबारा, तारखा व छायाचित्रे जोडा आणि पोच घ्या. प्रकार चालू असताना वनविभागाच्या 1926 किंवा पोलिसांच्या 112 क्रमांकावर कळवावे. वडिलांनी अंधारात पुढे जाऊ नये. दुरून गाडीचा क्रमांक टिपला तरी पुष्कळ, कारण दंडापेक्षा गाडी जप्त होण्याची धास्ती मोठी असते. आगळिकीची, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीत घुसल्याची, तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली पोलिसांकडे निराळी करता येते. रानात फासकी (जनावर अडकवण्याचे फास) आढळल्यास ती घरी आणू नका. जागेवरच पंचनामा होऊ द्या.

उत्तर २ (कराड)
तारेत करंट सोडा, एका रात्रीत सगळे बंद होईल.

उत्तर १ कडून पुन्हा
असे मुळीच करू नये. थेट वीजवाहिनीवरून प्रवाह सोडला आणि माणूस किंवा गुराख्याचे पोर दगावले, तर आरोपी तुम्हीच. सौर झटका यंत्र ही वेगळी गोष्ट आहे. परंतु त्याने डुक्कर थोपते, पक्कड घेऊन आलेला माणूस नव्हे.

उत्तर ३ (शिराळा तालुका, चांदोलीच्या बाजूचा शेतकरी)
कायदा वर सांगितला आहे तसाच आहे, तरी भावकीत नुसत्या अर्जाने भागत नाही, हा माझा अनुभव. आमच्याकडेही अशीच मंडळी होती. ग्रामसभेत मी सशांविषयी बोललो तेव्हा लोक हसले, आणि खरे सांगायचे तर सशाचे कोणाला काहीच वाटले नाही. पुढच्या सभेत मी वणव्याचा विषय काढला. सावज बाहेर काढण्यासाठी हे लोक माघ-फाल्गुनात वाळलेले गवत पेटवतात, आणि त्यात एका वर्षी पाच-सहा घरांची उन्हाळ्याची वैरण जळाली होती. दूध घालणारी सारी घरे तेव्हा माझ्या बाजूने उभी राहिली. पोलीस पाटलांनी त्या मुलांच्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांपुढे समज दिली. सगळे थांबले असे नाही. बाहेरगावचे अजून येतात, परंतु गावातला वाटाड्या मिळत नसल्याने फार आत शिरत नाहीत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. वडिलांना ससा पटला नव्हता, वैरण पटली. गेल्या वर्षी वरची पड कशी पेटली, हे त्यांना आत्ता उमगले. त्या दोघांच्या थोरल्या चुलत्यांना ते स्वतः भेटणार आहेत आणि अर्जावर सही करायलाही तयार झाले आहेत. मात्र त्यात भावकीतल्या कोणाचे नाव नको, फक्त तारखा आणि गाडीचा क्रमांक असावा, अशी त्यांची अट आहे.