झबलं कितीचं घेऊ? बाळाच्या पहिल्या कपड्यांचे तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी कोल्हापुरात महाद्वार रोडला झबली घ्यायला गेलो होतो. दुकानातल्या मावशींनी विचारलं, “किती महिन्याचं दाखवू?” म्हटलं, अजून जन्मायचंय. त्यांनी तीन झबली काउंटरवर पसरली. तिन्हींवर ०-३ महिने असंच छापलेलं. एक माझ्या पंजाएवढं, दुसरं त्याच्या दीडपट आणि तिसऱ्यात आमच्या शेजारचं चार महिन्यांचं पोरगं आरामात बसलं असतं. काही सुचेना. भवानी मंडपापर्यंत चालत आलो, भेळ खाल्ली आणि रिकाम्या हातानं घरी.

बायको माहेरी, गडहिंग्लजला आहे. तारीख श्रावणातली, म्हणजे ऐन पावसात. सोनोग्राफीत वजन लिहिलंय, पण तो अंदाजच असतो असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. आईचं म्हणणं, बाळ यायच्या आधी काही घ्यायचंच नाही. सासूबाईंनी मात्र जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवलीत. (जुन्या कापडाला तो नियम लागत नाही म्हणे.)

ज्यांच्या घरी हे सगळं होऊन गेलंय त्यांनी लिहा. काय मापाचं घेतलंत, किती घेतलंत, वाया काय गेलं. सल्ला नको, घडलेलं सांगा.

पुण्याची माहेरवाशीण, राजारामपुरीची सून

माझ्याकडे पक्का हिशेब आहे, कारण मी रागारागानं मोजले होते. बाळंतविडा आणि बारसं मिळून तेवीस सेट आले, त्यातले एकोणीस ०-३ चे. लेक झाली ३ किलो ६०० ग्रॅमची. बारशाला जे झबलं मांडीपर्यंत येत होतं ते पाचव्या आठवड्यात पोट उघडं टाकायला लागलं.

ते खोक्यातले सेट आठवतात ना? वर पारदर्शक कागद, आत झबलं, चड्डी, टोपी, हातमोजे, लाळेरं, सगळं पुठ्ठ्यावर ताणून पिनांनी टोचलेलं. त्या ताणण्यामुळे माप कळतच नाही. एका खोक्यातून मी नऊ पिना काढल्या, दहावी तीन दिवसांनी दुपट्यात सापडली. सासूबाई म्हणाल्या, “मी आधीच बोललो होतो, खोकं उघडू नको म्हणून.” (हो, बोललो. इथं बायकाही आलो-गेलो म्हणतात. माझ्या कानाला सवय व्हायला दोन वर्षं लागली.) न उघडलेले अकरा खोके त्यांनी कपाटात लावले आणि पुढे गल्लीतल्या बारशांना एकेक करून वाटले. त्यातला एक फिरून आमच्याच नणंदेच्या बाळाला आला. कोपऱ्यातली चिकटपट्टी मी लावलेली होती, लगेच ओळखली.

आता कुणाच्याही बारशाला मी ६-९ महिन्यांचं देते. लोक मोठं म्हणून नाक मुरडतात, मग सहा महिन्यांनी त्याच कपड्यातला फोटो पाठवतात.

लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान, माल गांधीनगरातून उचलतो

आमची बाजू पण ऐका. महिन्याचा आकडा हा कंपनीचा अंदाज असतो. प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून तीन झबली तीन मापांची निघतात. परदेशातून आलेल्या कपड्यांवर ५०, ५६, ६२, ६८ असे आकडे असतात. ती बाळाची डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी, सेंटिमीटरमध्ये. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना ५० च्या आसपास असतं आणि तीन महिन्यांत ६० च्या घरात जातं. म्हणजे ०-३ लिहिलेल्या एका कपड्यानं दहा सेंटिमीटरची वाढ झेलायची! तो आधी ढगळ होणार, नाहीतर शेवटी तंग. यात दुकानदाराचा काय दोष?

झबल्यात थोडंफार खपून जातं. पायमोजे जोडलेला अंगभर सूट असेल तर मात्र बघून घ्या. त्यात बाळ लांबीला वाढलं की बोटं आखडतात, खांद्यावर ओढ बसते आणि पोर का किरकिरतंय ते कळत नाही. टाचेपाशी बोटभर जागा उरतेय का बघा, संपली की सूट बाद.

सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं. अगदी बेताचं घेऊ नका. आणि पावती टाकून देऊ नका ओ, निम्मी भांडणं तिथंच होतात.

शनिवार पेठेतली आजी (ती सांगतेय, मी नातू टाइप करतोय)

आकडं कशाला पायजेत? वीत हाय की. झबल्याची रुंदी एक वीत, लांबी एक वीत आन् वर चार बोटं. पुढनं उघडं, एकावर एक येणारं, नाडीचं. बाळ भरलं की नाडी सैल बांधायची, तेच झबलं तीन म्हैने जातंय. डोक्यातनं घालायचं कापड पयल्या म्हैन्यात आणायचंच न्हाई. पोराचं डोकं छातीपरास मोठं असतंय. गळा डोक्याच्या मापाचा केला तर खांद्यावरनं उतरतोय, खांद्याच्या मापाचा केला तर डोकं अडकतंय आन् पोर काळंनिळं हुतंय रडून.

शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची. आत घेतली की काखंत रेघ उमटती. बटण न्हाई, हूक न्हाई. कापड म्हणशील तर आमच्या ह्यांचं धोतर, शंभर धुण्यातनं गेलेलं, लोण्यावानी. माझ्या चारी पोरांना पाचवी हुईपर्यंत नवं कापड लावलं न्हाई. जावंच्या पोराचं उतरलेलं घातलं. त्याला काय झालं न्हाई न्हवं, मग ह्यांला बी काय हुणार न्हाई, असं म्हणायचं.

(नातवाची भर: माझ्या लेकीचं जन्माच्या दुसऱ्या दिवशीचं माप कार्डावर आहे. डोकं ३४ सेंटिमीटर, छाती ३२. आजीची वीत पट्टीवर २१ भरली. आजी पट्टीकडे बघून म्हणाली, “मग काय चुकलं?”)

आई, बाळ ३४ आठवड्यांचं

माझा मुलगा १ किलो ७०० ग्रॅमचा झाला. घरी सगळं तयार होतं, त्यातलं एकही त्याच्या कामाचं नव्हतं. सगळ्यात लहान झबल्याच्या बाहीत त्याचा अख्खा हात हरवायचा. नवऱ्यानं दोन तास राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. “याहून लहान येत नाही” हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलं असेल!

खरं तर पहिले काही दिवस कपडे फारसे लागलेच नाहीत. दिवसाचा बराच वेळ तो माझ्या छातीशी, अंगाला अंग लावून असायचा. डोक्याला टोपी, पायात मोजे, खाली लंगोट, बस्स. टोपी मात्र हवीच होती आणि तयार टोपी डोळ्यांवर घसरायची. शेवटी माझ्या आईनं नवऱ्याच्या जुन्या बनियनची बाही कापली, एका टोकाला दोऱ्यानं गाठ मारली आणि झाली टोपी. तशा सहा केल्या. एक मी ठेवलीय. आता मुलगा आठ वर्षांचा आहे, ती टोपी त्याच्या मुठीवर बसते.

घरी आल्यावर लोक विचारायचे, दोन महिन्यांचा ना, मग असे बाहुलीचे कपडे का? ०-३ चे कपडे त्याला चौथ्या महिन्यात नीट बसायला लागले. सहा आठवडे लवकर आलेल्या पोराचे महिने टॅगवर कुठून मोजायचे, हे कुणीच सांगत नाही.

निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

वरच्या ताईंनी लिहिलंय ते अगदी खरं. त्यात थोडं माझं. बाळ जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत वजन उतरतं, दहा टक्क्यांच्या आतली घट नेहमीची. दहा-पंधरा दिवसांत ते परत जन्माच्या वजनावर येतं आणि मग रोज वीस-तीस ग्रॅमनी वाढत राहतं. म्हणून पहिले दोन आठवडे कपडे तेवढेच राहतात आणि मग एकदम तोकडे झाल्यासारखे वाटतात. डायपर घेणार असाल तर महिने बघूच नका, पाकिटावर किलो लिहिलेले असतात. सगळ्यात लहान माप साधारण पाच किलोपर्यंतचं, त्याचा मोठा गठ्ठा घेऊ नका. नाळ पडेपर्यंत वरची कड बेंबीखाली दुमडायची.

आणि हातमोजे, पायमोजे घालण्याआधी उलटे करून आतले सुटे दोरे कापा. माझ्या नोकरीत दोन वेळा बघितलंय. बाळ रडतंय, दूध घेत नाही, कुणाला काही कळत नाही. मोजा काढला तर दोरा बोटाला गुंडाळून रुतलेला, बोट लाल-जांभळं. दोन्ही वेळा वेळेवर सापडला.

झोपवताना ढगळ कपडा नको. गळा मोठा असला की तो तोंडावर येतो.

जुळ्यांचा बाप, उचगाव

एक २ किलो ८००, दुसरी २ किलो १००. सगळ्यांनी हौसेनं एकसारखे जोड आणले. एकाला घट्ट, एकीला गोणपाट. दोन महिने उलट घातलं, म्हणजे भावाचं उतरलं की बहिणीला. वयानं ती सात मिनिटांनी मोठी आहे, पण आमच्याकडे मोठ्या बहिणीनं धाकट्या भावाचे जुने कपडे वापरलेत.

शुक्रवार पेठ, ऑगस्ट २०१९

आमच्या लेकीचं माप पंचगंगेनं ठरवलं. बाकी काही हातात नव्हतं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. मी दवाखान्यात आणि बाळाची धुऊन-वाळवून घडी केलेली बॅग घरी तळमजल्यावर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. नवरा पहाटे कंबरभर पाण्यातून माणसं काढत होता, बॅग कुणाला आठवणार?

मावसबहीण सानेगुरुजी वसाहतीत राहते. तिचा मुलगा दहा महिन्यांचा, त्याचे होते नव्हते ते कपडे तिनं पिशवीत भरून आणले. माझ्या २ किलो ९०० च्या पोरीला सहा-नऊ महिन्यांचा शर्ट! बाह्या तीन घड्या घालून वर, खालचा भाग पायाखाली दुमडून गाठ, पुढचा गळा मागे करून घातला, कारण पुढून तो छातीपर्यंत यायचा. ती झोपली की आम्ही दोघी आळीपाळीनं जागायचो, कापड तोंडावर येतंय का बघत. त्यात शहराचा पाणीपुरवठा बंद. बाहेर सगळीकडं पाणी आणि लंगोट धुवायला बादलीभर नाही.

पूर ओसरल्यावर बॅग मिळाली. चिखलाचा थर सुकून कडक झाला होता. एक कुंची आठ वेळा धुतली, तरी तिच्या झालरीत अजून मातकट रेघ आहे. लेकीला ती कधीच घातली नाही, टाकवतही नाही.

एक मामा

भाची एप्रिलमध्ये झाली. मी दिवाळीच्या सेलमधला लोकरी सूट आधीच घेऊन ठेवलेला, ०-३ चा. कोल्हापुरातल्या मे महिन्यात लोकर! आता महिने बोटांवर मोजतो. श्रावणातलं बाळ थंडीत चार-पाच महिन्यांचं होतं, संक्रांतीच्या बोरन्हाणाला सहाच्या आसपास. काळं झबलं त्या मापाचं बघायचं. बाकी मला यातलं काही कळत नाही.

धागा काढणारा

मुलगी झाली. २ किलो ७५०, लांबी ४८. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं होतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी वजन २ किलो ५६० भरलं तेव्हा घरात मी एकटाच शांत होतो. सासूबाईंना बावड्याच्या बाईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा जीव खाली पडला.

सहा नाडीची झबली घेतली, सगळ्यात लहान मापाची, आणि बाकी सगळं ३-६ चं. मापाचं जमलं, संख्येचं पार चुकलं. गडहिंग्लजला नऊ दिवस ऊन नाही. सहा झबली दुपारीच संपायची. सासूबाईंनी शेगडीवर वेताचं टोपलं पालथं घातलं आणि त्यावर झबली, लंगोट पसरले. आमच्या लेकीच्या अंगाला पहिला महिना दुधाचा कमी आणि ओवा-बाळंतशोपाच्या धुरीचा वास जास्त होता. सातव्या दिवशी माझ्या आईनं कुठूनशी धोतराची चार झबली पाठवली, तेव्हा कुठं निभावलं.

परवा आणखी घ्यायला परत महाद्वार रोडला गेलो. त्याच मावशी. “किती महिन्याचं दाखवू?”

मी काही न बोलता काउंटरवर वीत टेकवली.

मावशींनी माझ्या हाताकडं बघितलं. “तुमची वीत लई मोठी आहे ओ. घरातनं बाईमाणसाची मोजून आणा.”