सीईटीला दीड महिना, आधी कोणते धडे?

नंदनवनची आई:
मुलगा बारावी सायन्स, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). बोर्डाचा शेवटचा पेपर झाला, आता इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी. नागपूरच्या एलआयटीत केमिकल इंजिनिअरिंग मिळावं ही त्याची फार इच्छा. पण टेबलावर पुस्तकांचा ढीग, आणि सकाळी काय उघडू यातच अर्धा तास जातो. रोटेशनल डायनॅमिक्स तिसऱ्यांदा करून राहिला, इंटिग्रेशनला हातच लावत नाही. कुठून सुरुवात करावी?

महालचा गणित शिक्षक:
ताई, आधी गुण बघा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. म्हणजे २०० पैकी १०० एकट्या गणिताचे. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून उरलेले १००. म्हणून सकाळचं ताजं डोकं गणितालाच द्या. एप्रिलच्या दुपारी कूलरपुढे पोरांचा डोळा लागतो, इंटिग्रेशन तेव्हा होत नाही. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन ही साखळी आहे, पहिलं कच्चं राहिलं की पुढची दोन्ही अडतात. मग व्हेक्टर, आणि त्याला लागूनच लाइन-प्लेन. लॉजिक, एलपीपी (लिनिअर प्रोग्रामिंग) हे धडे लहान आहेत, रात्री होतील.

एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवायला सांगा. प्रत्येक प्रश्नापुढे धड्याचं नाव आणि ‘आला’, ‘चुकला’ किंवा ‘सोडला’ लिहायचं. ‘चुकला’वाले धडे सगळ्यात आधी, तिथं थोडक्यात गुण सुटतात.

गेल्या वर्षी सीईटी दिलेली:
काकू, अकरावीचं अख्खं पुस्तक नका काढू देऊ. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या अभ्यासक्रमात अकरावीचे ठरावीकच धडे आहेत, वजन साधारण २० टक्के. मी यादी न बघता नसलेल्या धड्यांत आठ दिवस घालवले, अजून वाईट वाटतं. आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, एकाला मिनिटही नाही. इनऑर्गॅनिकसाठी बोर्डाचं पुस्तक ओळ न ओळ वाचावं, ते प्रश्न झटकन सुटतात आणि वाचलेला वेळ फिजिक्सच्या आकडेमोडीला मिळतो. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

नंदनवनची आई:
सर, काल पेपर लावला. इंटिग्रेशनपुढे सहा वेळा ‘सोडला’. पण डेरिव्हेटिव्हपुढेही चार ‘चुकला’ निघाले, ते त्यालाही माहीत नव्हतं. आज सकाळी सहाला स्वतःच डेरिव्हेटिव्ह काढून बसला. बेटा, तुझी यादीची गोष्ट त्याला वाचून दाखवली, अकरावीची दोन पुस्तकं कपाटात गेली.