ग्रंथालयाची सेवा मोजायची कशावर: देवघेवीवर की संदर्भाच्या प्रश्नांवर?

संदर्भटेबल:
ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात ठळक आकडा असतो तो घरी गेलेल्या पुस्तकांचा, म्हणजे देवघेवीचा. माझं ठाम मत, त्यावरून सेवा कळत नाही. संदर्भग्रंथ घरी देतच नाहीत. त्यामुळे कोश, गॅझेटिअर (जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ) यांचा वापर त्या आकड्यात शून्य दिसतो आणि पुढच्या खरेदीत कात्री त्यांनाच लागते.

चंदगडच्या विद्यार्थ्याला तालुक्याची एकोणिसाव्या शतकातली माहिती हवी आहे, असं समजा. तो कोल्हापूरचा १८८६ चा गॅझेटिअर मागतो. खंड मिळतो, पण त्यात चंदगड नाही. तो भाग १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून १८८४ चा बेळगावचा खंड काढावा लागतो. उलट आज कर्नाटकात असलेलं रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं. हे सांगणारं माणूस संदर्भाच्या टेबलाशी होतं का, हे मोजा.

पेठेतला वाचक:
नाही पटत. करवीर नगर वाचन मंदिराला १८५० पासूनचा वारसा आहे. अशा संस्था टिकतात त्या पुस्तक घरी नेणाऱ्या सभासदांमुळे. देवघेवीच्या नोंदीला सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, तारीख असते, ती तपासता येते. संदर्भाच्या प्रश्नांची वही कोण भरणार? ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाच्या, गावच्या वाचनालयात एकच माणूस झाडतो, पेपर लावतो, पुस्तकं देतो. महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच शाईनं तीस दिवसांच्या नोंदी पडतील.

संदर्भटेबल:
शाईचा मुद्दा मान्य, म्हणून रोज नकोच. तिमाहीत एक आठवडा पुरे. रकाने पाच: तारीख, वाचकाच्याच शब्दांत प्रश्न, कुठं कुठं शोधलं, मिळालं / अर्धवट / नाही, किती मिनिटं लागली. ‘झेरॉक्स कुठं?’, ‘पाणी कुठं?’ असले प्रश्न वेगळे लिहा, नाहीतर यशाचं प्रमाण उगाच फुगतं. त्याच आठवड्यात टेबलावर पाटी लावा: ‘वाचलेलं पुस्तक परत कपाटात ठेवू नका’. संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं मोजली की आत बसून झालेला वापर कळतो.

शाहूपुरी अभ्यासिका:
गॅझेटिअर नेटवर आहेत, विश्वकोशही आहे. स्पर्धा परीक्षेवाल्यांना खुर्ची, पंखा आणि रात्री उशिरापर्यंत दिवे हवेत. मोजायचं तर अभ्यासिकेतली जागा किती तास भरलेली असते ते मोजा.

तालिकाकार:
नेटवर आहे, पण कोणत्या सालचं ते बघता का? विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, तेव्हा जुन्या नोंदीतले आकडे त्या काळचे. १८८६ च्या गॅझेटिअरमधली लोकसंख्या १८८१ च्या जनगणनेची, तीही संस्थानाची. तिच्याशेजारी आजच्या जिल्ह्याचा आकडा ठेवून वाढीचा दर काढला की उत्तर चुकलंच, कारण मुलूखच एक नाही.

दुसरी गल्लत गॅझेट आणि गॅझेटिअर यांची. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा आदेश मुळातून बघायचा तर करवीर सरकारचं गॅझेट, म्हणजे राजपत्र हवं, गॅझेटिअर नव्हे. १८८६ च्या खंडात तो असेलच कसा?

आणि संगणकावरची तालिका, म्हणजे पुस्तकांची यादी. ‘शाहू’ टाकलं की साताऱ्याचे शाहू (निधन १७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी (१८७४–१९२२) एकाच यादीत येतात. कुणी नोंद ‘शाहु’ अशी ऱ्हस्व केलेली असते, कुणी रोमन लिपीत, ती सापडतच नाही. अर्धा शब्द चालत असेल तिथं ‘शाह’ एवढंच टाका. शाहीरही येतील, येऊ देत. मग रोमन लिपीत पुन्हा एकदा शोधा. ‘पुस्तक नाही’ म्हणण्याआधी एवढं झालंच पाहिजे.

शाहूपुरी अभ्यासिका:
सालाचा मुद्दा बरोबर आहे. पण रात्री आठनंतर विचारायचं कुणाला? टेबल तर सहालाच बंद.

संदर्भटेबल:
चिठ्ठ्यांची पेटी ठेवा, दुसऱ्या दिवशी उत्तर फळ्यावर. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं चौथं हेच आहे: वाचकाचा वेळ वाचवा.

पेठेतला वाचक:
आठवडा कोणता निवडणार? परीक्षेआधीचा घेतला तर आकडा चढेल, मे महिन्यातला घेतला तर बसेल. आणि ‘मिळालं’ हे कर्मचाऱ्यानं ठरवायचं नाही.

संदर्भटेबल:
आठवडे वर्षाच्या सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘मिळालं’ची खूण वाचकानंच करायची.

पेठेतला वाचक:
असं असेल तर वही ठेवा. तरी अहवालाच्या पहिल्या पानावर मी देवघेवच ठेवणार. ‘नाही मिळालं’ची यादी मात्र ग्रंथखरेदीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. तिथं माझं मत तुमच्या बाजूनं.